हा प्रतिश्याय नव्हे!

खानदेशात वैद्यकी करणाऱ्यास प्रतिश्यायाचा रुग्ण नवा नाही. धुळ्याकडील हिवाळ्याचा गारठा, चैत्र-वैशाखातील होरपळ, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उडणारे तंतू आणि शेतीच्या कामातील धूळ, या सर्वांचा पहिला आघात नाकावरच होतो. ‘नाक बंद शे, डोकं दुखस’ असे म्हणत येणारा रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागाचा नित्याचा पाहुणा होय. त्याच्यासाठी आपल्याजवळ त्रिभुवनकीर्ती आहे, लक्ष्मीविलास आहे, सितोपलादी आहे, नस्य आहे. बहुतेक वेळा त्यास उपशयही मिळतो. या नित्याच्या यशामुळेच एक प्रकारची निश्चिंतता आपल्या अंगी मुरते आणि तीच एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

प्रारंभ आमच्याच चुकीपासून करतो, कारण इतरांस उपदेश करण्याचा अधिकार त्याशिवाय पोचत नाही.

मे २०२१ मध्ये जळगाव-धुळे मार्गावरील एका गावातून पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी आमच्याकडे आला. कोविडमधून उठून त्यास दोन आठवडे झाले होते. डावे नाक बंद, डाव्या गालात ठणका, थोडा रक्तमिश्रित स्राव, अशी त्याची तक्रार होती. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, तक्रार काही दिवसांची म्हणून जीर्ण प्रतिश्याय धरला, औषधे दिली व अणुतैलाचे नस्य केले. तोंड उघडून टाळू पाहिली नाही. टेबलावर ग्लुकोमीटर होते, त्याचा उपयोग केला नाही. चौथ्या दिवशी तो परत आला, तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी खाली आली होती आणि गाल बधिर झाला होता. तेव्हा कोठे रक्तशर्करा पाहिली. ती चारशेच्या वर होती. टाळूवर नखाएवढा काळा डाग होता. त्याच दुपारी त्यास धुळ्यास पाठविले. रुग्ण वाचला. परंतु डावा डोळा व वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढावा लागला. ‘आपण त्या पहिल्या दिवशीच पाठविले असते तर?’ हा प्रश्न त्याने आम्हांस कधी विचारला नाही. आम्ही मात्र तो स्वतःस आजही विचारतो.

रोगाचे स्वरूप

या रोगास लोक ‘काळी बुरशी’ म्हणतात. नाव रूढ झाले असले तरी ते फसवे आहे. बुरशी स्वतः काळी नसते. काळा होतो तो मृत झालेला धातू. म्युकरमायकोसिस घडविणाऱ्या बुरशीचे, विशेषतः ऱ्हायझोपस जातीचे, बीजाणू माती, शेणखत, सडलेला पाला, शिळी भाकरी किंवा पाव अशा सर्व ठिकाणी असतात. आपण सर्वजण ते श्वासावाटे रोज आत घेतो आणि आपल्यास काहीही होत नाही. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागतही नाही. क्षेत्र दुर्बल झाले तरच बीज रुजते.

ते रुजते कोठे? रक्तशर्करा अनियंत्रित असलेल्या मधुमेही रुग्णात, दीर्घकाळ वा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणाऱ्यात, रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्यात, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यात. मधुमेहात रक्ताची अम्लता वाढली की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते आणि ते या बुरशीचे आवडते खाद्य आहे. रुजल्यावर ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तप्रवाह रोखते आणि त्यापुढील धातू मरू लागतो. म्हणून पुढच्या अवस्थेत वेदना कमी होऊन बधिरता येते. रुग्ण म्हणतो, ‘दुखणे थांबले’, आणि अनभिज्ञ वैद्य त्यास उपशय समजतो! वास्तविक तेथील संज्ञावह नाडीच मृत झालेली असते. मेलेल्या धातूपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून केवळ तोंडावाटे वा शिरेतून दिलेले औषधही तेथवर पोचत नाही. शस्त्रकर्माने तो भाग काढणे, अँफोटेरिसिन-बी देणे आणि मूळ हेतू आवरणे ही तिन्ही कर्मे एकाच वेळी व्हावी लागतात. याच दुर्बल रुग्णांत अॅस्परजिलस ही दुसरी बुरशीही नाकातून असेच रूप धारण करू शकते. दोहोंतील भेद तुकडा तपासूनच कळतो.

२०२१ साली हा रोग घरोघरी चर्चेचा विषय झाला. केंद्र शासनाने त्या वर्षीच्या मे महिन्यात तो साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करावा असे राज्यांस कळविले. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात तोवर ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ३१,३४४ रुग्णांत रोग नाक व मस्तकाच्या मार्गाने गेलेला होता. २६,१८७ रुग्णांस मधुमेह होता आणि २१,५२३ रुग्णांनी स्टेरॉइड घेतलेले होते. मृत्यूंची नोंद ३,१२९ होती. महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक रुग्ण असलेली राज्ये होती. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. राज्य शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश केला, त्यामुळे अनेक गरीब कुटुंबे सावरली.

ती लाट ओसरली. म्हणून रोग गेला असे समजणे मोठी चूक ठरेल. कोविडच्या पूर्वीही भारतात हा रोग प्रगत देशांच्या तुलनेत कितीतरी पटींनी अधिक होता आणि त्याचे प्रमुख कारण अनियंत्रित मधुमेह हेच होते. ते कारण आजही आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत आहे.

चरकाचा एक अध्याय

आपल्या संहितांत हा रोग या नावाने नाही. आजच्या सूक्ष्मजीवशास्त्रातील प्रत्येक शोध ओढूनताणून संहितेत दाखविण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस मान्य नाही. परंतु रोगाचा विचार कसा करावा, याचे मार्गदर्शन मात्र संहितेत निश्चित मिळते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा ‘कियन्तःशिरसीय’ अध्याय आपण सर्वांनी अभ्यासिला आहे. परीक्षेपुरता तो तुकड्यातुकड्यांनी पाठ करतो आणि त्याची एकत्रित रचना विसरतो. याच एका अध्यायात कृमिज शिरोरोग आहे, याच अध्यायात ओजःक्षय आहे, याच अध्यायात मधुमेह आहे आणि मधुमेहाच्या उपेक्षेने होणाऱ्या, मांसल स्थानी व मर्मस्थानी उठणाऱ्या पिडकाही याच अध्यायात आहेत. शिर, ओज आणि मधुमेह ही तीन सूत्रे आचार्यांनी एकाच ठिकाणी ओवली. आम्ही चिकित्सालयात ती अलग केली. शिरःशूलाचा रुग्ण आला की शिर पाहतो, मधुमेहाचा आला की मूत्र व रक्त पाहतो. दोन्ही एकाच देहात आहेत, हे पाहणे राहून जाते. आमच्या त्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

सुश्रुताने उत्तरतंत्रात एकतीस नासारोग सांगितले. पूयरक्त, पूतिनस्य, नासापाक यांची लक्षणे सांगून प्रतिश्यायासाठी स्वतंत्र अध्याय दिला आणि उपेक्षित प्रतिश्याय दुष्ट होऊन कष्टसाध्य बनतो, असे बजावले. म्हणजे नाकातून रक्त व पूय येणे ही साधी सर्दी नव्हे, हा भेद आपल्या शास्त्राने केव्हाच केलेला आहे. तो विसरण्याचा दोष शास्त्राकडे जात नाही.

नस्याविषयी स्वतंत्र लिहावेसे वाटते, कारण ते आपले हुकमी शस्त्र आहे. नस्य कोणास देऊ नये याची यादी चरकाने सिद्धिस्थानात दिली आहे आणि नवप्रतिश्यायाचा रुग्ण त्या यादीत आहे. असे असताना सर्दी म्हटली की पहिल्याच भेटीत नस्य, हा क्रम कोठून आला? ज्याच्या नाकात कुजलेला धातू असण्याची शंका आहे, त्याच्या नाकात तैल, चूर्ण वा धूम घालण्यास शास्त्राचा वा अनुभवाचा कोणताही आधार नाही. त्याने रोग थांबत नाही आणि दिवस मात्र जातात. मे २०२१ मध्ये मोबाइलवर तुरटी, हळद, सैंधव व मोहरीचे तेल एकत्र करून काळ्या बुरशीवर खात्रीचा इलाज सांगणारा संदेश फिरत होता. ‘हे आयुर्वेदात आहे का?’ असे विचारणाऱ्यांस ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर देणारे वैद्य किती होते, याचे आत्मपरीक्षण आपणच करावे.

दिवसांचे मोल

या रोगात वेळ किती मोलाची असते याचा पुरावा उपलब्ध आहे. रक्ताचा कर्करोग असलेल्या ७० म्युकरमायकोसिस रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर सहा दिवसांच्या आत अँफोटेरिसिन सुरू झालेल्यांत बारा आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. सहा दिवस वा त्याहून अधिक विलंब झालेल्यांत ते सुमारे ८३ टक्के होते. आता आपल्या व्यवहाराकडे पाहावे. ‘सात दिवसांचे औषध देतो, नंतर दाखवा’ हे आपले नेहमीचे वाक्य. त्या सात दिवसांत काय जाते, हे वरील आकड्यांवरून कळावे.

यावर उपाय खर्चिक नाही. नाक, गाल, डोळा वा वरचे दात यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णास तीन प्रश्न विचारावेत. मधुमेह आहे काय? गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइड, केमोथेरपी वा प्रत्यारोपणाची औषधे घेतली आहेत काय? एखादे निनावी चूर्ण वा गोळी नित्य घेता काय? त्यानंतर बोटातून थेंबभर रक्त घेऊन शर्करा पाहावी, कारण आपल्यास मधुमेह आहे हे अनेकांस ठाऊकच नसते. मग टॉर्चच्या उजेडात नाक पाहावे, चमच्याने जीभ दाबून टाळू पाहावी, दोन्ही गालांवर स्पर्श समान कळतो का ते विचारावे आणि डोळ्यांची हालचाल पाहावी. या सर्वांस पाच मिनिटेही लागत नाहीत.

रुग्ण या दुर्बल वर्गातील असून एका बाजूचा गाल दुखत वा सुजत असेल, बधिर झाला असेल, नाकातून रक्तमिश्रित वा काळसर स्राव येत असेल, वरचे दात अकस्मात हलू लागले असतील, पापणी खाली आली असेल, एकाचे दोन दिसत असतील अथवा टाळू काळी पडली असेल, तर यांपैकी एकही लक्षण पुरेसे समजावे. तेथे औषधाची पुडी बांधू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ, दुर्बिणीने नाकाची तपासणी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे. जळगाव व धुळे या दोन्ही शहरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. चोपडा, शिरपूर वा साक्रीकडील रुग्णासही तेथे त्याच दिवशी पोचता येते. सोबत चिठ्ठी द्यावी आणि तीत शर्करेचा आकडा, लक्षणांचा पहिला दिवस, घेतलेली औषधे व आपली शंका स्पष्ट लिहावी. शंका नाव घेऊन लिहिली तर तिकडील तपासणीही त्वरित होते. नाकातील खपलीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्राथमिक उत्तर त्याच दिवशी मिळू शकते.

स्टेरॉइड : आपल्या घरातील विषय

आता कटू भाग. डेक्सामिथासोन कोविडमध्ये प्राणरक्षक ठरले हे सत्य आहे. परंतु २०२० मधील इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत तो लाभ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांस झाला, न लागणाऱ्यांस झाला नाही. मात्राही दिवसास ६ मिलिग्रॅम, कमाल दहा दिवस अशी होती. आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात नुसता ताप व खोकला असलेल्यांसही ते दिले गेले, घरबसल्या घेतले गेले. महाराष्ट्रात आयुर्वेदीय वैद्यकांस आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. त्यामुळे या दोषाचा आपला वाटाही आपण मान्य केला पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या शिक्षणात ५८ शस्त्रकर्मे अधिसूचित झाली, तेव्हा आपण आनंद व्यक्त केला, आणि तो योग्यच होता. परंतु अधिकार वाढला की उत्तरदायित्वही वाढते.

त्याहून गंभीर आहे ती सांधेदुखी व दम्यावर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी, नावगाव नसलेली चूर्णे व गोळ्या. एका दिवसात गुडघे मोकळे करणाऱ्या चूर्णात काय असते, हे जाणत्यास सांगावे लागत नाही. चेहरा गोल झालेला, पोट वाढलेला, कातडी पातळ झालेला असा रुग्ण अधूनमधून आपल्या प्रत्येकाकडे येतो आणि म्हणतो, ‘मी इंग्रजी औषध घेतच नाही.’ त्याचे ओज महिनोन्महिने कोणीतरी आयुर्वेदाच्या नावाने क्षीण केलेले असते. अशा रुग्णासही ते चूर्ण एकाएकी बंद करावयास सांगू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या देहास ते अकस्मात थांबविणेही घातक असते. त्यास तज्ज्ञाकडे नेऊन मात्रा क्रमाने उतरवावी.

औषध विक्रेते बंधूंस या ठिकाणी विशेष विनंती आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, तसेच जुन्या चिठ्ठीवर पुनःपुन्हा देऊ नयेत. कायदा हेच सांगतो. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून तर विक्रेत्याच्या विवेकावर अधिक भार येतो. लेबलवर घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नसलेले कोणतेही चूर्ण काउंटरवर ठेवू नये. आणि मधुमेहाच्या गोळ्या नेणारा गिऱ्हाईक त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा नाकाचे थेंब व वेदनाशामक मागू लागला, तर ‘नाक तपासून घ्या, आजच’ इतके एक वाक्य बोलावे. ते वाक्य एखाद्याचा डोळा वाचवील.

आक्षेप व उत्तर

काही व्यवसायबंधू म्हणतील, ‘असे रुग्ण पाठवू लागलो तर लोक म्हणतील, वैद्यास काही येत नाही. शिवाय प्रत्येक सर्दीवाल्यास शहरात धाडणार काय?’ दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. निरोगी तरुणाची पाच दिवसांची सर्दी कोणी पाठवावयाची नाही. ती आपलीच आहे व आपण ती उत्तम बरी करतो. प्रश्न आहे तो दुर्बल देहातील, एका बाजूच्या, रक्त वा बधिरता असलेल्या तक्रारीचा. असे रुग्ण वर्षातून मोजकेच येतील.

पहिल्या शंकेचे उत्तर प्रत्यक्ष चरकाचार्यांनी दिले आहे. गुल्मचिकित्सेत गुल्म पक्व झाल्यावर तेथे धान्वन्तरीयांचा, म्हणजे शल्यकर्म जाणणाऱ्यांचा अधिकार आहे, असे सांगून कायचिकित्सेचा हा परमाचार्य बाजूस होतो. यात त्यास कमीपणा वाटला नाही. आपली मर्यादा ओळखून रुग्ण योग्य हाती सोपविणे हा चिकित्सेचाच भाग आहे, हे त्याने ग्रंथात लिहून ठेवले. साध्यासाध्य न जाणता चिकित्सा करणाऱ्याच्या यशाची व विद्येची हानी होते, हेही त्यानेच सांगितले. मग आपण कोणत्या प्रतिष्ठेस जपतो?

रुग्ण पाठविला म्हणून आपले काम संपतही नाही. शस्त्रकर्मानंतर तो परत आपल्याच गावी येतो. मधुमेहाचे पथ्य, अग्निरक्षण, क्षीण झालेल्या मांसधातूचे पोषण, खचलेल्या मनास धीर आणि तज्ज्ञांच्या संमतीने योग्य काळी रसायन, हे दीर्घ कार्य गावातील वैद्याइतके चांगले कोणी करू शकत नाही. आमचा तो शेतकरी आजही शर्करा तपासून घेण्यासाठी दर महिन्यास येतो. एक डोळा गेला आहे, जेवणासाठी कृत्रिम टाळू बसवावी लागते, परंतु शेत पाहतो. त्याने आमच्यावरील विश्वास सोडला नाही. त्या विश्वासाचे ऋण अंशतः तरी फिटावे म्हणून ही कबुली छापून देत आहोत.

या अंकाच्या वाचकांनी आपल्या टेबलावर ग्लुकोमीटर व टॉर्च उजव्या हाताशी ठेवावेत आणि नस्यपात्र त्यानंतर घ्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.